पडद्यावरच्या मॅडम काऊन कावल्या?

शाळेत नवं पाठ्यपुस्तक आलं की त्याची भाषा, चित्रं, शुद्धलेखन यांवर चार लोक बोलतात. वर्तमानपत्रांत पत्रं येतात, कधी विधिमंडळातही विषय निघतो. पण वर्गातल्या टीव्हीवर ॲनिमेशनमधली एखादी शिक्षिका येते आणि आपल्या लेकरांना रोज शिकवू लागते, तेव्हा तिचे हात, खांदे, मान काय सांगतात हे कोणीच पाहत नाही. मजकूर अभ्यासक्रमाला धरून आहे ना, उच्चार बरे आहेत ना, एवढं बघून तिला वर्गात घेतलं जातं. माझ्या मते हे पुरेसं नाही. विदर्भातल्या खेड्यांत तर अजिबातच नाही. आपल्या लेकरांना त्या शिक्षिकेच्या हालचालींतून कोणती भावना पोचते, हे त्याच लेकरांना विचारून घेतल्याशिवाय सरकारने, जिल्हा परिषदेने किंवा गावाने असे धडे विकत घेऊ नयेत.

हा प्रश्न आमच्याकडे आला कसा, ते थोडक्यात सांगते. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा राज्य सरकारचा कार्यक्रम सुरू झाला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत गावोगाव डिजिटल शाळेची लाट आली. कापूस-सोयाबीनच्या पैशातून लोकांनी वर्गणी दिली, कुठे ग्रामपंचायतीने हातभार लावला, आणि शाळेत टीव्ही आला. २०१७ मध्ये केंद्र सरकारचं दीक्षा हे अभ्यासाचं ॲप आलं, पुस्तकांत क्यूआर कोड छापले गेले. २०२० च्या टाळेबंदीनंतर तर पडद्यावरून शिकणं ही घराघरातली गोष्ट झाली. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठपर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. म्हणजे चार-पाच वर्ग आणि दोन माणसं. त्यातलं एखादं माणूस बैठकीला, प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेलं की उरतं एक. मग दुसरी-तिसरीला टीव्ही लावून द्यायचा आणि चौथीला आपण शिकवायचं, हे आमच्यासारख्या शाळांत रोजचं आहे. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण त्यामुळे एक गोष्ट घडते. त्या अर्ध्या तासात लेकरांसमोर उभी असलेली मोठी व्यक्ती फक्त पडद्यावरची असते.

तिसरीच्या वर्गात अर्धा आणि पाव शिकवणारा असाच एक धडा चालू होता. पडद्यावरच्या बाईंनी भाकरीचे चार सारखे भाग केले, त्यातले दोन बाजूला सरकवले आणि विचारलं, “आता सांगा बरं, किती भाकरी झाली?” मग उत्तराची वाट पाहताना त्यांनी एक हात छातीशी दुमडला, दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर टेकवलं आणि डोळे वर केले. चित्र काढणाऱ्याच्या मनात होतं, ‘चला, विचार करू या.’ आमच्या वर्गात काय झालं? सगळ्या लेकरांनी हाताची घडी घातली, तोंडावर बोट ठेवलं आणि चिडीचूप बसली. टीव्ही थांबवून मी विचारलं, तर पुढच्या रांगेतली एक पोरगी म्हणाली, “मॅडम, त्या चूप राह्याले सांगून राह्यल्या ना!” मी फळ्यावर तीच भाकरी काढली आणि तोच प्रश्न विचारला, तर “अर्धी!” असा गलका झाला. उत्तर त्यांना येत होतं. बाईंच्या बोटाने ते घशातच अडवलं होतं.

‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ही आज्ञा मराठी शाळेत शिकलेल्या कोणाला सांगावी लागत नाही. पिढ्यान् पिढ्या अंगात मुरली आहे. पण जिथे कुठे त्या बाईंना हालचाली दिल्या गेल्या, तिथे ती कोणाच्या ध्यानात आली नाही. त्याच धड्यात प्रश्नांच्या मधल्या वेळात बाई दोन्ही हात कमरेवर ठेवून उभ्या राहत. ॲनिमेशनमध्ये पात्राला काही काम नसताना उभं राहायची एक ठरावीक ढब दिलेली असते, आणि ती पुन्हा पुन्हा येत राहते. दुसऱ्या रांगेतल्या एका पोट्ट्याने शेजाऱ्याला हळूच विचारलं, “या काऊन कावल्या बे?” म्हणजे, या का चिडल्या रे? कंबरेवर हात ठेवून समोर उभं राहिलेलं मोठं माणूस त्याने घरी कोणत्या वेळी पाहिलं असेल, हे वेगळं सांगायला नको. बाईंचा चेहरा हसरा होता, आवाज गोड होता. पोराने मात्र हात वाचले.

पोराने हात का वाचले, याचं उत्तर पन्नास वर्षांच्या संशोधनात आहे. १९७३ मध्ये स्वीडनच्या गुन्नार योहान्सन यांनी माणसाच्या सांध्यांवर छोटे दिवे लावून बाकी सगळा अंधार केला. लोकांना फक्त हलणारे ठिपके दिसत होते, तरी ते ठिपके म्हणजे चालणारा माणूस आहे हे क्षणात ओळखता आलं. पुढे इतर संशोधकांनी अशाच ठिपक्यांतून नर्तकांच्या भावना दाखवल्या. चेहरा नाही, कपडे नाहीत, तरी पाहणाऱ्यांना राग, आनंद, दुःख बऱ्यापैकी ओळखता आलं. २०१२ मध्ये हिलेल अव्हिएझर आणि सहकाऱ्यांनी टेनिसपटूंचे फोटो घेतले. गुण जिंकल्याच्या आणि गमावल्याच्या क्षणांचे. नुसता चेहरा दाखवला तर जिंकलेला कोण नि हरलेला कोण हे लोकांना सांगता येईना. नुसतं धड दाखवलं तर सांगता आलं. भावना तीव्र झाली की चेहरा गोंधळात टाकतो आणि शरीर खरं बोलतं.

पडद्यावरच्या शिक्षकांबद्दलही थेट अभ्यास झाले आहेत. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी दृकश्राव्य शिक्षणावर आयुष्यभर काम केलं. पडद्यावरचं पात्र माणसासारखे हातवारे करतं तेव्हा शिकणारे अधिक चांगलं शिकतात, हे त्यांच्या मांडणीतलं एक सूत्र. अलीकडच्या काळात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच धडा शिकवणारी शिक्षिका चार मनःस्थितींत दाखवली. आनंदी, समाधानी, वैतागलेली आणि कंटाळलेली. काही प्रयोगांत ती हाडामांसाची होती, काहींत ॲनिमेशनमधली. या चार भावना सहज निवडलेल्या नाहीत. भावनेला दोन अंगं असतात, अशी जेम्स रसेल यांची १९८० मधली मांडणी आहे. एक, ती सुखाची की दुःखाची. दुसरं, तिच्यात जोर किती. आनंद सुखाचा आणि जोराचा, समाधान सुखाचं पण शांत. वैताग दुःखाचा आणि जोराचा, कंटाळा दुःखाचा पण मरगळलेला.

प्रयोगांत दिसलं असं की शिक्षिका खूश आहे की नाखूश, हे लोक चांगलं ओळखतात. पण तिच्या भावनेत जोर आहे की शांतपणा, ही ओळख तितकी पक्की नसते. शिक्षिका खूश दिसली की शिकणाऱ्यांना ती अधिक भरवशाची वाटते आणि त्यांचं लक्ष तिच्याकडे अधिक राहतं. एका अभ्यासात लगेच घेतलेल्या चाचणीत फरक पडला नाही, मात्र काही काळाने घेतलेल्या चाचणीत खूश शिक्षिकेकडून शिकलेले विद्यार्थी पुढे होते.

या निष्कर्षांतून ॲनिमेशन बनवणारे एक सोपा धडा घेतात. शिक्षिकेला सदा हसरी ठेवा, उड्या मारायला लावा, हात पसरायला लावा. मला यातली भीती वेगळीच वाटते. शिक्षकाचं खरं काम खूश आणि नाखूश या मोठ्या भेदात नसतंच. ते त्या दुसऱ्या अंगात असतं, जिथे ओळखणाऱ्यांची गफलत होते. ‘घाई करू नको, मी थांबते’ असं सांगणारा शांतपणा आणि ‘तुझं काही खरं नाही’ असं सांगणारा कंटाळा, दोन्हींत शरीर स्थिरच असतं. ‘अरे, जवळ आलास, अजून एक पायरी!’ यातला जोर आणि ‘किती वेळा सांगू?’ यातला जोर, दोन्हींत हात वेगानेच हलतात. वर्गात उभी असलेली शिक्षिका हा फरक मानेच्या किंचित झुकावाने, पाऊल पुढे टाकून, पोराच्या पाटीजवळ वाकून दाखवते. पडद्यावर हा फरक पुसट झाला की लेकरू आपल्या अनुभवाने रिकामी जागा भरतं. ज्या लेकराच्या वाट्याला मोठ्यांची चिडचिड अधिक आली, ते लेकरू तिथे चिडचिडच वाचणार. ज्याला मायेने शिकवणारं कोणी भेटलं, ते माया वाचेल. म्हणजे ज्याला मदतीची सगळ्यांत जास्त गरज, त्यालाच पडद्यावरच्या बाई सगळ्यांत कडक वाटतील.

आणि सदा हसऱ्या शिक्षिकेचं काय? उत्तर चुकलं तरी टाळ्या, बरोबर आलं तरी त्याच टाळ्या, तेच हात वर. आमच्या शाळांत टाळ्यांचेही प्रकार असतात. एका बोटापासून पाच बोटांपर्यंत वाढत जाणारी पावसाची टाळी लेकरांच्या आवडीची. ती कधी वाजवायची हे त्यांना नेमकं कळतं, आणि फुकट मिळालेली टाळीही कळते. सगळ्यांना सारखीच शाबासकी देणारे हात चार दिवसांत काहीच सांगेनासे होतात.

भाषांतरित धड्यांत आणखी एक घोळ होतो, आणि तो माझ्या माहितीत कोणी तपासत नाही. ॲडम केंडन आणि डेव्हिड मॅकनील यांनी हातवाऱ्यांचा बारकाईने अभ्यास केला. हातवाऱ्याला तयारी असते, मग मुख्य झटका, मग हात परत येणं. तो झटका बोलण्यातल्या जोराच्या शब्दावर किंवा त्याच्या किंचित आधी पडतो. आता इंग्रजीत बनवलेला धडा मराठीत आणताना आवाज बदलतात, ओठही जुळवतात, पण हात तसेच राहतात. इंग्रजी वाक्यात नकार सुरुवातीलाच येतो, म्हणून बाईंचा हात वाक्याच्या तोंडाशीच ‘नको’ म्हणून आडवा फिरतो. मराठीत आपण म्हणतो, “छेदांची बेरीज करू नका.” ‘छेदांची’ म्हणतानाच हात आडवा फिरून झालेला असतो, आणि ‘नका’ येईपर्यंत बाई पुढच्या उदाहरणाकडे वळून दोन्ही हात मोकळे करून हसतात. कान नकार ऐकतात आणि डोळे आमंत्रण पाहतात. पाचवीतलं पोरगं दोहोंतलं काय धरेल? मूळ धडा मराठीत घडवला असता तर हा घोळ झालाच नसता.

काही कंपन्या साडी नेसवतात, कुंकू लावतात, मागे कौलारू घर आणि बैलगाडी काढतात, आणि धडा स्थानिक झाला असं सांगतात. लुगड्याने बाई आपल्या होत नाहीत. त्या कशा उभ्या राहतात, लेकराला जवळ कशा बोलावतात, हो म्हणताना मान कशी हलवतात, यावरून होतात. आमच्याकडे लांबच्या माणसाला बोलावताना तळवा खाली ठेवून बोटं आत ओढतात. तळवा वर करून एकच बोट आत वळवलं तर ते बोलावणं उद्धट वाटतं. खांदे उडवून दोन्ही तळवे वर करणं हे पडद्यावर ‘काय माहीत, शोधू या’ असं असतं. खेड्यातल्या लेकराला रिकामे हात दिसतात. अंगठा वर करणं मोबाईलमुळे सगळ्यांना कळायला लागलं, पण त्याच घरातली आजी अजून त्याला ठेंगा समजते, आणि संध्याकाळी अभ्यासाला शेजारी तीच बसलेली असते.

विदर्भात या प्रश्नाचा भार अजून वाढतो. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याच्या शाळेत पहिलीला येणारं लेकरू घरी कोरकू बोलतं. भामरागडकडचं माडिया बोलतं, यवतमाळच्या पोडावरचं, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरचं, कोलामी. कोरकू मुंडा कुळातली, कोलामी आणि माडिया द्रविड कुळातल्या. म्हणजे मराठीशी यांचं नातं उच्चारसाम्याने जुळवून घेता येईल एवढंही जवळचं नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवण्याची शिफारस आहे. ती जमिनीवर कधी उतरेल तेव्हा उतरेल. आज ते लेकरू पडद्यावरच्या मराठीतले दोन शब्द उचलतं आणि बाकीचं सगळं बाईंच्या अंगावरून समजून घेतं. ज्याला भाषा येते त्याच्यासाठी हातवारे ही जोड आहे. ज्याला येत नाही त्याच्यासाठी तेवढाच धडा आहे. तोही चुकीचा पोचला तर उरतं काय?

यावर मला दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात आणि दोन्ही मी मनावर घेते. पहिला असा की लेकरं रात्रंदिवस कार्टून पाहतात, परदेशी पात्रंही त्यांना बरोबर कळतात, मग शिक्षिका का कळू नये? कार्टूनमधल्या भावना ठळक असतात. राग आला तर कानातून धूर निघतो. शिवाय ते पात्र दुसऱ्या पात्रावर रागावतं, पाहणाऱ्यावर नाही. शिक्षिका मात्र सरळ लेकराकडे तोंड करून उभी असते. तिची प्रत्येक हालचाल ‘माझ्यासाठी’ आहे असंच ते मानतं, आणि मानायलाच हवं, नाहीतर शिकणार कसं?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. शाळेला शिक्षक मिळत नाहीत, पंखे फिरत नाहीत, आणि तुम्ही हातवारे घेऊन बसलात! हा राग मला कळतो, तो माझाही आहे. जागा भरल्याच पाहिजेत. पण ज्या गावात शिक्षक कमी, त्याच गावात टीव्ही जास्त वेळ चालतो. शहरातल्या शाळेत पडद्यावरच्या बाई रागावल्यासारख्या वाटल्या तरी शेजारी उभ्या शिक्षिका सांभाळून घेतात. आमच्याकडे तो आधार बहुतेक वेळा पलीकडच्या वर्गात असतो. त्यामुळे शिक्षकांच्या जागांची मागणी आणि ही मागणी एकाच लेकरासाठी आहे. एक लांबली तर दुसरी आणखी तातडीची होते.

मग करायचं काय? तपासणी अवघड नाही. धड्यातले पाच-सहा छोटे तुकडे घ्यायचे, आवाज बंद करायचा आणि दुसरी ते पाचवीच्या लेकरांना दाखवायचे. बाईंना कसं वाटतंय, हे चित्रांवर बोट ठेवून सांगू द्यायचं, कारण समाधान नि कंटाळा यांना शब्द सापडेलच असं नाही. मग विचारायचं, “त्या तुला काय करायला सांगून राह्यल्या?” हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोलाचा. पुढे तेच तुकडे चेहरा झाकून दाखवायचे, म्हणजे भावना हातांतून पोचते की हसऱ्या तोंडातून, ते कळेल. पडद्यावरच्या शिक्षकांबद्दल वर सांगितलेल्या अभ्यासांतली माणसं प्रामुख्याने अमेरिकेतल्या महाविद्यालयांतली होती. त्यांच्यावरून तिसरीतल्या लेकरांचा अंदाज बांधणं म्हणजे पीक न पाहता फवारणी ठरवण्यासारखं आहे. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपली डाएट, हे काम एका सत्रात करू शकते. लेकरांनी वाचलेली भावना आणि बनवणाऱ्याला हवी असलेली भावना जुळत नसेल तर तो तुकडा दुरुस्त करून मागायचा, आणि ही अट खरेदीच्या कागदातच लिहायची.

दुरुस्तीसाठी लागणारी माणसं आपल्याकडे आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीत धान कापणी झाली की नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा हे त्याचं मोठं केंद्र. रात्रभर चालणाऱ्या त्या नाटकांना गर्दी एवढी असते की मागच्या रांगेतल्या माणसाला नटाचा चेहरा दिसतच नाही. त्याला दिसते नटाची पाठ, मान, चालण्यातला जोर, बसण्यातला थकवा. आणि तेवढ्यावर तो रडतो, हसतो. दंडार आणि खडी गंमत ही इथली लोकनाट्यं करणारे कलावंत तर याहून जुने जाणकार. आज माणसाच्या अंगावर सेन्सर लावून त्याच्या हालचाली जशाच्या तशा पात्राला देता येतात. मग ते अंग कोणाचं असावं? आपल्या लेकरांना शिकवणारी शिक्षिका घडवताना झाडीपट्टीतली एखादी अनुभवी नटी आणि वीस वर्षं बहुवर्ग शिकवलेली जिल्हा परिषदेची एखादी शिक्षिका, या दोघींना समोर उभं का करू नये? पाटीजवळ वाकणं, चुकलेल्या उत्तरावर मान हलवताना डोळ्यांत नाराजी न येऊ देणं, थांबूनही सोबत असणं हे त्यांच्या अंगात आहे. त्यांना त्याचे पैसे मिळावेत आणि नावही यावं.

हे सगळं होईपर्यंत ज्यांच्या वर्गात टीव्ही चालतो त्यांनी धडा लावण्याआधी एकदा तो आवाज बंद करून स्वतः पाहावा. जिथे बाईंचा हात वेगळंच काही सांगतो, तिथे टीव्ही थांबवून लेकरांना विचारावं आणि ती काय म्हणाली ते वहीत लिहून ठेवावं. आसपासच्या शाळांचं जे केंद्र असतं, त्याच्या शिक्षण परिषदेत या वह्या एकत्र आल्या, तर पुढच्या खरेदीच्या वेळी अधिकाऱ्यांपुढे ठेवायला आपल्या हातात लेकरांचंच म्हणणं असेल.